वाचनालयाचा संगणक गोठतो, आणि लॉगऑनच्या पडद्यावर अध्यक्षांना फोटो हवाय

खाजणकाठ | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण डबा एकच आहे, म्हणून धागाही एकच काढतोय.

देवगड तालुक्यात आमच्या गावी एक ड वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी पुण्यात असतो, नोकरी बँकेत. पण 'त्याला कॉम्प्युटरातलं कळतं' अशी गावात माझ्याबद्दल अफवा आहे आणि ती खोडून काढायची वेळ आता गेलेली आहे. यंत्र जुळणी केलेलं: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. कामं तीन. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये, वर्गणीच्या पावत्या, आणि वर्षातून एकदा अनुदानाच्या कागदांची धावपळ.

लक्षणं, ग्रंथपाल बाईंनी फोनवर सांगितली तशी:

(अ) काम चालू असताना मध्येच सगळं थबकतं. माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही. कधी दोन-चार मिनिटांनी आपोआप सुटतं, कधी सुटतच नाही.

(आ) दुपारी बाई जेवून येतात, पासवर्ड टाकायला बसतात, तर एक ठिपका उमटत नाही. माउस चालतो. मग बटण दाबून बंद करायचा, परत चालू करायचा, की शहाण्यासारखा चालतो. हे आठवड्यातून एक-दोनदा.

दुसरा प्रश्न अध्यक्षांचा. लॉगऑनच्या पडद्यावर डोंगर, समुद्र, कुठल्या तरी परदेशातली गुहा दिसते, ती काढून तिथे वाचनालयाच्या कौलारू इमारतीचा १९७४ चा फोटो हवाय. मागच्या सभेत हा विषय मंजूर झालाय, त्यामुळे सुटका नाही.

विनंती एकच, सगळं देवनागरीत लिहा. तुमचे प्रतिसाद जसेच्या तसे व्हॉट्सअ‍ॅपवर बाईंना जाणार आहेत. इंग्रजी मार्ग पाठवला की त्या 'तुम्ही आल्यावर बघू' म्हणतात. मी येणार शिमग्याला.

ताकपोहे | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

पहिला नंबर! बंद करा, चालू करा. फी पाठवून द्या.

रात्रपाळी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

ताकपोहे यांचा उपाय निम्म्या वेळा बरोबर असतो, म्हणूनच तो घातक. बंद-चालू केलं की पुरावा पुसला जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

'गोठला' हा शब्द लोक चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. एक प्रोग्रॅम अडकला, विंडोजचा दर्शनी भाग अडकला, एखादं उपकरण (डिस्क, कीबोर्ड, ग्राफिक्स) अडकलं, किंवा सगळं यंत्रच मेलं. कोणतं ते अर्ध्या मिनिटात कळतं. बाईंना सांगा, गोठला की बटणाकडे हात न्यायच्या आधी एवढं करायचं:

कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय का बघा. कॅप्स लॉक दाबा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? हा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, तो संगणकाच्या सांगण्यावरून लागतो. दिवा ऐकत असेल तर विंडोजचा गाभा जिवंत आहे. मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. पडदा बदलला तर फार उत्तम, तिथून टास्क मॅनेजर उघडून अडकलेला प्रोग्रॅम 'एंड टास्क' करता येतो. (थेट उघडायचा तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप.) खालची पट्टी आणि स्टार्ट तेवढं मेलं असेल तर टास्क मॅनेजरात 'विंडोज एक्सप्लोरर' शोधून रीस्टार्ट. पडदाच काळा पडला किंवा थिजला असेल तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी. एक पीप वाजतो, पडदा लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेली फाइल जात नाही.

यातलं काहीच हललं नाही तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं.

आणि गोठलेला असताना कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा कसा दिसतो? विझलेला, लुकलुकता, की सलग पेटलेला? हे नक्की कळवा.

बारका स्क्रू | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

दुकान चालवतो, सांगलीला. माउस फिरतो, काही उघडत नाही, मग आपोआप सुटतं. डिस्क गेली. नव्वद टक्के पैज.

तरी समुद्राकाठचं यंत्र आहे म्हणून एक काम आधी करून घ्या. रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, भुसा फुंकरीने नाही तर ब्रशने झाडायचा, परत 'टक' आवाज येईपर्यंत बसवायची. खाऱ्या हवेने त्या पट्टीवर थर धरतो. फुंकर मारू नका, फुंकरीत थुंकी असते. हे मी शिकाऊ पोरांना दिवसातून दोनदा सांगतो.

टंकलेखिका | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१८

(आ) वाचून मला माझी नोकरी आठवली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत होते. आदल्या दिवशी मराठी टंकून उठायचं आणि सकाळी पासवर्ड चुकीचा. आमचे साहेब तीन दिवस आयटीच्या नावाने ओरडत होते. कारण एवढंच, की लॉगऑनच्या पडद्यावर कीबोर्ड मराठी राहिलेला. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत के दाबलं की क येतो म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण एच दाबलं की प येतो. ठिपके सगळे सारखेच दिसतात, कळणार कसं?

उपाय: पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचं अक्षर दिसतं ते बघायचं, नाहीतर विंडोजची किल्ली आणि स्पेसबार एकत्र दाबायचं, भाषा बदलते. कायमचं हवं असेल तर कंट्रोल पॅनल, रीजन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथे 'वेलकम स्क्रीन'साठीची मांडणी वेगळी ठरवता येते. तिथे इंग्रजीच ठेवा.

जाता जाता: इन्स्क्रिप्टची मांडणी १९८६ ची, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली. एकदा बोटांत बसली की जात नाही. माझी सून फोनवर रोमनमधून मराठी लिहिते, मला बघवत नाही.

रात्रपाळी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

टंकलेखिकाताई, निदान सुंदर आहे, पण इथे लागू होत नाही. भाषा चुकली तरी ठिपके उमटले असते. यांना ठिपकाच उमटत नाहीये. म्हणजे (अ) आणि (आ) हे दोन वेगळे आजार असावेत.

टंकलेखिका | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

हो की! मान्य.

उलटा पेंग्विन | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:११

मुळात विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढे. म्हणजे तुम्ही जे काय दुरुस्त करताय ते मुदत संपलेलं औषध आहे. विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. ४ जीबीवर पळेल. तिथे लॉगऑनचा पडदा बदलणं म्हणजे 'लॉगिन विंडो' नावाचं खिडकीतलं साधं सेटिंग, चित्र निवडलं की झालं.

फक्त एक ठेच लोकांना हमखास लागते. चित्र स्वतःच्या 'पिक्चर्स' फोल्डरात ठेवतात आणि लॉगऑनला काळा पडदा येतो. तो पडदा रंगवणारा प्रोग्रॅम वेगळ्या नावाने चालतो, त्याला तुमच्या घरात डोकवायची परवानगी नसते. चित्र 'यूएसआर - शेअर - बॅकग्राउंड्स' मध्ये टाका.

आणि गोठलाच, तरी लिनक्समध्ये सभ्यपणे मरायची सोय आहे. ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट (प्रिंट स्क्रीनची किल्ली) दाबून धरून एकेक अक्षर सावकाश: आर, ई, आय, एस, यू, बी. कीबोर्ड सोडवून घे, सगळ्या प्रोग्रॅमना विनंती कर, न ऐकणाऱ्यांना मार, डिस्कवर उरलंसुरलं लिही, डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, आणि रीबूट. इंग्रजी 'बिझिअर' उलटं लिहिलं की पाठ होतं.

रात्रपाळी | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

पेंग्विन, अर्धं सांगताय. मिंट ज्यावर बेतलेलं आहे त्या उबुंटूत ही सोय मुळातच छाटलेली येते. कुठली अक्षरं चालू द्यायची हे ठरवणारा आकडा तिथे १७६ असतो, म्हणजे १२८ + ३२ + १६. रीबूट, डिस्क वाचण्यापुरती करणं आणि उरलेलं लिहिणं, एवढ्यालाच परवानगी. आर, ई, आय दाबून काही होत नाही. लोकांना वाटतं आपलं चुकलं.

उलटा पेंग्विन | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:४४

बरोबर. शेवटची तीन चालली तरी डिस्क बचावते, मतलब त्याच्याशी.

खाजणकाठ | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

पेंग्विनदादा, मनापासून आभार, पण यादीतली ६ हजार पुस्तकं कोणत्या तरी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला ते विंडोजवरच चालतं. फॉन्ट नसेल तर 'ययाति'च्या जागी कंसांची आणि टिंबांची रांगोळी दिसते. ते युनिकोडात आणेपर्यंत हलता येत नाही.

बाईंशी बोललो. आज शनिवार, वाचनालय उघडं होतं, आणि नशीब असं की माझा फोन चालू असतानाच (अ) झालं. रात्रपाळींचा कागद त्यांनी छापून भिंतीला चिकटवलाय. घड्याळ चालू. कॅप्स लॉकचा दिवा ऐकतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला पडदा आला, पण पाऊण मिनिटाने. डिस्कचा लाल दिवा सलग पेटलेला.

बारका स्क्रू | १५ नोव्हेंबर, दुपारी १:३१

पैज जिंकलो. आता कोणीही डिस्क तपासायचा, दुरुस्त करायचा प्रोग्रॅम चालवू नये. आधी यादी पेनड्राइव्हवर घ्या. आज. वाचनालय बंद व्हायच्या आत.

रात्रपाळी | १५ नोव्हेंबर, दुपारी १:५५

स्क्रू बरोबर बोलतायत, आणि घाई का ते सांगतो. डिस्कचा एखादा तुकडा वाचता येईनासा झाला की डिस्क लगेच हार मानत नाही, पुन्हा पुन्हा तिथेच डोकं घासते. तेवढा वेळ ज्याला ज्याला डिस्क हवी ते सगळं रांगेत उभं राहतं. माउसच्या बाणाला डिस्क लागत नाही, म्हणून तो मजेत फिरतो. तुमचं 'दोन-चार मिनिटांनी सुटतं' ते हेच. अशा वेळी 'चेक डिस्क'ची खोल तपासणी लावली तर मरायला टेकलेल्या डिस्कला अख्खी मॅरेथॉन पळवल्यासारखं होतं. आधी माल बाहेर.

यादी निघाली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'सिस्टिम' बघा. 'डिस्क' या नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांक दिसतील. ७ म्हणजे खराब तुकडा, १५३ म्हणजे वाचायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टल डिस्क इन्फो हा प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि सी-फाइव्हची ओळ (वाचता न येणारे तुकडे किती) वाचून दाखवायला सांगा. सी-सेव्हनही (केबलमधून येता-जाता झालेल्या चुका) बघा. नुसतं सी-सेव्हन वाढलेलं असेल तर डिस्क बिचारी ठीक असते, केबल बदलून भागतं.

खाजणकाठ | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४८

यादी पेनड्राइव्हवर आली. एक पावत्यांची फाइल अडली, ती तिसऱ्या प्रयत्नात निघाली. शेवटची प्रत कधीची होती म्हणाल तर जुलै २०२२. आता बोलून उपयोग नाही.

सी-फाइव्हची ओळ पिवळी आहे. बाईंनी वाचलं ते असं: 'शून्य शून्य शून्य... थांबा मोजते... दहा शून्यं आणि पुढे अठरा.' सी-सेव्हन सगळी शून्यं. अठरा म्हणजे किती वाईट?

बारका स्क्रू | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०२

ते अठरा नाही. तिथे आकडे सोळाच्या हिशोबात असतात. एक सोळा आणि वर आठ, चोवीस. चोवीस तुकडे वाचता येत नाहीत. डिस्क बदला. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, पुरे. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करत बसू नका, खराब तुकड्याशी अडकते. विंडोज नव्याने टाका. मदरबोर्ड तोच आहे, तेव्हा लायसन्स अस्सल असेल तर आपोआप ओळखलं जाईल. अस्सल नसेल तर मी काही वाचलं नाही.

विंडोज १० च ठेवणार असाल तर सुरक्षेच्या अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिची नोंदणी करा. तोवर फॉन्टचं बघा.

सीमोल्लंघन | १६ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

न्यू जर्सीहून. थोडं अवांतर, पण गोठण्यावरच आहे. ठाण्याला आईचा सॅमसंग फोन कॉल चालू असतानाच थिजला, पडदा ढिम्म. पूर्वी बरं होतं, मागचं झाकण काढून बॅटरी उपसायची. आता बॅटरी आतच. काय सांगू तिला?

मोरपंखी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:२७

पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकत्र, सात सेकंदांहून जास्त. कंप जाणवला की सोडायचं. बहुतेक इतर अँड्रॉइड फोनना नुसतं पॉवर तीसेक सेकंद. आयफोन ८ आणि त्यापुढच्यांना वेगळाच मंत्र आहे: आवाज वाढवायचं दाबून लगेच सोडा, कमी करायचं दाबून लगेच सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. मध्येच 'स्लाइड टु पॉवर ऑफ' येतं, तिथे लोक घाबरून बोट काढतात. काढायचं नाही. आणि किंडल थिजला तर चाळीस सेकंद. घड्याळ लावून धरा, चाळीस सेकंद फार असतात.

यातल्या कशानेही फोटो किंवा नंबर जात नाहीत. हे आईला आधी सांगा, नाहीतर त्या बटण दाबणारच नाहीत.

सीमोल्लंघन | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

झालं! शेजारच्या काकूंच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून करून घेतलं. सात आकडे मोठ्याने मोजले आम्ही. मोरपंखीताई, दंडवत.

खाजणकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

अपडेट. देवगडच्या एका मुलाने एसएसडी बसवली, विंडोज टाकलं. खोडरबरही फिरवलं, रॅमची पट्टी तपकिरी होती ती उजळली म्हणे. बाई म्हणतात, 'पूर्वी चालू करून मी कुंड्यांना पाणी घालून यायचे, आता पिशवी खाली ठेवेपर्यंत पासवर्ड मागतो.' (अ) बंद.

आता अध्यक्ष. फोटो बसवला. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, 'पिक्चर', ब्राउज. आणि त्याच पानावर खाली 'शो लॉक स्क्रीन बॅकग्राउंड पिक्चर ऑन द साइन-इन स्क्रीन' चालू केलं. सगळं यथासांग. तर अध्यक्षांचा रात्री फोन: 'मी दिसत नाही.'

फोटोत इमारतीच्या पायरीवर कार्यकारिणी उभी आहे आणि बरोब्बर मध्यभागी तेव्हाचे तरुण अध्यक्ष. पासवर्डची चौकट येते ती थेट त्यांच्या तोंडावर. शिवाय सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं. मागच्या रांगेतले मयत सभासद आणि जिवंत सभासद यांत फरक कळत नाही.

ताकपोहे | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१९

हसून हसून ताक सांडलं. पासवर्ड 'अध्यक्ष' ठेवा, म्हणजे ते तोंडावर नसले तरी तोंडी राहतील.

रात्रपाळी | २२ नोव्हेंबर, रात्री ९:००

धुकं मुद्दाम घातलेलं आहे. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज १० लॉगऑनच्या चित्रावर दुधी काच चढवतं, का तर नजर पासवर्डवर जावी म्हणून. काढायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, शिरायची गरज नाही. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स, तिथे 'ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स' बंद करा. धुकं जाईल. खालच्या पट्टीची पारदर्शकताही जाईल, पण त्या जुन्या प्रोसेसरला तेवढाच विसावा.

चौकट हलवता येत नाही. ती मधोमधच येणार. तेव्हा फोटो हलवा. पडद्याच्या मापाचा नवा कॅनव्हास घ्या (मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ चा असेल तर तेवढाच), त्यात फोटो उजवीकडे सरकवा आणि डावीकडे इमारतीची भिंत किंवा आभाळ लांबवून भरा. अगदी डावीकडे खाली काही महत्त्वाचं ठेवू नका, लॉक स्क्रीनचं घड्याळ विंडोज १० मध्ये तिथे बसतं. विंडोज ११ वर कधी गेलात तर ते वर मध्यभागी येतं, म्हणजे सगळी मांडणी पुन्हा.

ताकपोहे | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४५

आता जरा गंभीरपणे. तुम्हाला आजकाल हे आयतं मिळतंय. एक्सपीच्या काळात लॉगऑनचा पडदा 'लॉगऑन-यूआय' या फाइलच्या पोटात असायचा. रिसोर्स हॅकर नावाच्या प्रोग्रॅमने तिचं पोट फाडायचं, आतलं चित्र बदलायचं, शिवायचं. मी नगरला सायबर कॅफेत बसायचो तेव्हा मालकाच्या आठ यंत्रांवर साईबाबा चढवले होते. सातांवर नीट. आठव्यावर मूळ फाइलच दडपली, प्रत ठेवलेली नव्हती, आणि पडदा यायचाच बंद झाला. मालकाने महिनाभर मला तासाचे पैसे लावले नाहीत, कारण आत घेतलंच नाही.

विंडोज ७ मध्ये सोपं झालं. रजिस्ट्रीत 'ओईएम बॅकग्राउंड'ला एक द्यायचा आणि सिस्टिम-३२ मधल्या 'ओओबीई - इन्फो - बॅकग्राउंड्स' मध्ये 'बॅकग्राउंड-डिफॉल्ट' नावाची जेपीजी ठेवायची. अट फक्त २५६ केबीच्या आत. २५७ झाली की काही न बोलता परत तो निळा पडदा. चूक कुठे झाली ते सांगायचाच नाही. एका लग्नाचा फोटो २५६ केबीत कोंबताना नवरदेवाच्या फेट्याचे चौकोन झाले होते.

रात्रपाळी | २२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

तुमच्या त्या कॅफेतल्या एक्सपीत आणखी एक गंमत होती. स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट लागोपाठ दोनदा दाबलं की जुनी, नाव-पासवर्ड विचारणारी चौकट यायची.

या तीन किल्ल्यांबद्दल थोडं लिहितो, कारण या धाग्याचे दोन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा. तो बनवणाऱ्या गटातल्या डेव्हिड ब्रॅडली यांनी ही जोडी ठेवली ती स्वतःच्या सोयीसाठी, दर वेळी यंत्र बंद-चालू करून मेमरीची तपासणी होईपर्यंत बसायला लागू नये म्हणून. चुकून दाबली जाऊ नये म्हणून किल्ल्या लांब लांब. म्हणजे जन्म गोठलेल्या यंत्रासाठी. पुढे १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं आणि त्यांनी हीच जोडी लॉगऑनला लावली. कारण बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला ती मध्ये अडवता येत नाही. खोटा लॉगऑनचा पडदा रंगवून कोणी पासवर्ड चोरायला बसलं असेल, तर या तीन किल्ल्यांना उत्तर देणं त्याला जमत नाही, खरा पडदाच पुढे येतो. आणि म्हणूनच गोठलेल्या यंत्रात मी ती आधी दाबायला सांगतो. तिला उत्तर आलं म्हणजे आतला रखवालदार जागा आहे.

बिल गेट्स यांनी २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये ही तीन किल्ल्यांची कसरत चूक होती असं कबूल केलं. त्यांना एकच किल्ली हवी होती, कीबोर्डवाल्यांनी दिली नाही.

ताकपोहे | २२ नोव्हेंबर, रात्री १०:२८

आणि विंडोज १० चं ते निळ्या खिडकीतून उजेड येणारं चित्र, ते संगणकावर काढलेलं नाही बरं का. खरी खिडकी बनवून, धूर सोडून, लेझर मारून फोटो काढलेत. करणारे ब्रॅडली मन्कोविट्झ. म्हणजे किल्ल्यांना ब्रॅडली, पडद्याला ब्रॅडली.

मोरपंखी | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:३३

खाजणकाठ, फोटोबरोबर सूचनाही लावता येते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लॉगऑनच्या आधी एक पाटी येते: 'पेनड्राइव्ह बाईंना दाखवल्याशिवाय लावू नये.' ओके दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रो आवृत्ती असेल तर 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'त लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स, आणि 'इंटरॅक्टिव्ह लॉगऑन'ने सुरू होणाऱ्या ओळींत संदेशाचं शीर्षक आणि मजकूर अशा दोन ओळी. युनिकोड मराठी व्यवस्थित दिसते. मुलं आठवडाभर वाचतात, मग न वाचता ओके दाबतात, हा भाग वेगळा.

खाजणकाठ | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

ही कल्पना अध्यक्षांना सांगणार नाही. ते भाषण टाकतील.

बारका स्क्रू | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

फोटो-बिटो ठीक. (आ) चं काय झालं? डिस्क बदलूनही होत असेल तर मला झोप लागणार नाही.

खाजणकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

स्क्रू, झोपा आता.

गुरुवारी दुपारी पुन्हा झालं. नवी डिस्क, नवं विंडोज, आणि ठिपका नाही. माउस चालतो, कॅप्स लॉकचा दिवा मात्र ऐकत नाही. मी रात्रपाळींना व्यक्तिगत निरोप टाकला, त्यांनी एकच प्रश्न विचारायला सांगितला: एखादी किल्ली टकटक न करता जरा वेळ दाबून धरली तर?

बाईंनी 'ए' दाबून धरलं. एक ठिपका आला.

रात्रपाळी | २९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

फिल्टर की. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोज विचारतं, 'फिल्टर की चालू करू का?' ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठीची सोय आहे, आणि चांगली सोय आहे. चालू झाली की हलकी, झटपट टकटक दुर्लक्षित होते, किल्ली धरून ठेवली तरच अक्षर उमटतं. ज्याला माहीत नाही त्याला कीबोर्ड मेल्यासारखाच वाटतो. पुन्हा आठ सेकंद दाबली की बंद. आणि सेटिंग्जमध्ये, ईज ऑफ अ‍ॅक्सेस, कीबोर्ड, तिथे त्या शॉर्टकटची खूण काढून टाका.

प्रश्न एवढाच की उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबतं कोण?

खाजणकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ९:५२

आवक-जावक रजिस्टर. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं. जेवायला जाताना बाई ते कीबोर्डावर आडवं ठेवतात, धूळ बसू नये म्हणून. उजवी बाजू जड, कारण त्यात पावतीपुस्तक खोचलेलं असतं.

मी विचारलं, 'अहो, मग ती विचारणारी चौकट येत असेल ना पडद्यावर?'

'येते की. मी येस म्हणते, ती जाते.'

'मग हे आधी का नाही सांगितलंत?'

'तुम्ही गोठतो कधी ते विचारलंत. चौकट येते का ते कुठे विचारलंत?'

रजिस्टर आता कपाटावर. कीबोर्डला बाईंनी जुन्या साडीचं झाकण शिवलंय. फोटो उजवीकडे सरकवून पुन्हा बसवला, अध्यक्ष दिसतात. पायरीवरच्या कोपऱ्यात शाळेच्या गणवेशात एक मुलगी उभी आहे, तिला पूर्वी कोणी पाहिलंच नव्हतं. त्या बाईच आहेत म्हणे.

टंकलेखिका | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

फोटो इथे डकवा की.